रंगपट्ट्यांचा हिवाळा

हरभऱ्याला घाटे भरू लागले, सकाळी पाठीवर ऊन घेऊन बसावंसं वाटू लागलं आणि गल्लीतल्या पोरांनी विटांवर विटा रचून स्टंप केले, की माझ्या नाकात राळेचा वास येतो. घरात राळ नसते. तरी येतो. कडवट, थोडासा गोड, देवळातल्या धुपासारखा आणि तरीही वेगळा. यंदा तर तो गेले तीन आठवडे हटतच नाही, कारण माझी नात सायली कॉम्प्युटर जुळवते आहे.

विकत घेत नाही, जुळवते आहे. हा फरक ती मला रोज समजावते. ती चिखलीत माझ्याकडे राहून कॉलेजात शिकते. गेम खेळायला यंत्र हवं, आणि ते दुकानातून तयार उचलून आणलेलं नको, आपण निवडलेलं हवं, असा तिचा हट्ट आहे. जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडी असते. हा प्रोसेसर घेतला तर तो मदरबोर्ड चालत नाही. ते ग्राफिक्स कार्ड घेतलं तर वीज जास्त लागते, म्हणून पॉवर सप्लाय मोठा. तो मोठा म्हणून कॅबिनेट रुंद. आणि एवढं सगळं तापणार म्हणून आत पंखे तीन. एक वस्तू बदलली की अख्खं पान खोडावं लागतं. पोरगी ते इतक्या आनंदानं खोडते, की मी भाजी निवडता निवडता तिच्याकडेच बघत राहते.

परवा म्हणाली, “आजी, या कॅबिनेटले एका बाजूनं काच हाये. आतलं सगळं दिसते.”

“आतलं कोणाले दाखवाचं हाये?”

“कोणालेच नाही. मलेच पाहाचं हाये.”

मी हातातली मेथी तशीच खाली ठेवली. पन्नासहून अधिक हिवाळ्यांपूर्वी याच चालीत बोलणारी एक बाई माझ्या शेजारी बसायची. माझी वहिनी. विमलवहिनी.

आमचं घर तेव्हा बीबी या गावात होतं. बाबांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी आणि भेंडी. माझा भाऊ, दादा, लांबच्या एका गावात शाळामास्तर होता आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. सायन्समध्ये बरे गुण होते, पण पुढे काय करायचं ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या घरात विमलवहिनी अकोल्याहून लग्न होऊन आली.

तिचा मोठा भाऊ अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं काम चाले, आणि लहानपणापासून वहिनी त्याच्या शेजारी बसून सुटे भाग निवडून द्यायची. थंडीत कसोटी सामने सुरू झाले, की त्या खोलीत अर्धी गल्ली गोळा व्हायची. कोण किती धावांवर, कोण कुणाच्या चेंडूवर बाद, हे वहीत लिहायचं काम वहिनीकडे. हे सगळं ती मला मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना सांगायची. सांगताना तिचे हात भराभर चालायचे आणि जुड्या लहानमोठ्या व्हायच्या. बाबा नंतर त्या सगळ्या सोडून पुन्हा बांधायचे.

बीबीला रेडिओ एकच होता, पंचायतीचा, चावडीत. आणि चावडीकडे बायका फिरकत नसत.

पहिल्या हिवाळ्यातली एक दुपार मला लख्ख आठवते. किराण्याच्या दुकानातून साखर आली होती. आईनं ती डब्यात ओतली आणि पुडीचा कागद चुलीशी टाकला. वहिनीनं तो झडप घालून उचलला, जमिनीवर ठेवून तळहातानं सपाट केला आणि वाचायला लागली. वर्तमानपत्राचं खेळाचं पान होतं, पंधरा दिवसांपूर्वीचं. निम्मा धावफलक दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीबरोबर गेला होता.

“इंदू,” ती मला म्हणाली, “सहा बाद झालेले दिसतात. पुढं काय झालं असंल वं?”

मला काय माहीत? सामना संपून गेला होता, माणसं घरी गेली होती, आणि ही बाई आमच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसून सातव्या खेळाडूची वाट पाहत होती. तिचे डोळे भरून आले नव्हते, तसं मी उगाच सांगणार नाही. ती हसत होती. पण तो कागद तिनं घडी करून आपल्या पेटीत ठेवला, आणि दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर ती म्हणाली, “आपण रेडिओ करू.”

‘घेऊ’ म्हणाली नाही. ‘करू’ म्हणाली.

तिच्या भावाचं पत्र आलं. चार घड्यांचा मोठा कागद, त्यावर निळ्या शाईत रेडिओचा नकाशा. मला तो पहिल्यांदा रांगोळीसारखा दिसला. वहिनीनं बोट ठेवून ठेवून समजावलं. इथून लाट आत येते, इथं निवडली जाते, इथं मोठी होते, इथं आवाज होतो. दोन दिवसांत मला कळायला लागलं, आणि कळतंय हे कळल्यावर तर मला रात्रीची झोप येईना.

दादानं हसून होकार दिला. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे, तेही त्यानं वहिनीच्याच नावानं काढून आणलं. बाबांना मात्र ते पटलं नाही. ते रागावले नाहीत. रागावणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. ते फक्त म्हणाले, “चावडीत हाये ना एक. घरात कायले? बरं, आणा. पण त्याचा आवाज चुलीच्या खोलीबाहेर नाही आला पाह्यजे. ओसरीवर चार माणसं येऊन बसतात. सून आतमध्ये रेडिओ वाजवून राह्यली, असं नको.”

“नाही येणार, मामाजी,” वहिनी म्हणाली.

सुट्या भागांसाठी आम्ही मेहकरला गाडी बदलून चिखलीला गेलो. दादा सोबत होता, पण त्याला शाळेची पुस्तकं घ्यायची होती, म्हणून त्यानं आम्हाला दुकानाच्या पायरीशी सोडलं. सरकीच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्यांमधून वाट काढत आलो होतो आणि केसांत कापसाचे तंतू अडकले होते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर उघडे पडलेले रेडिओ, आणि काउंटरवर काचेच्या बरण्या. दुकानदार बशीरमियाँ उंच, सडसडीत, कानावर पेन्सिल. त्यांनी आमच्या मागं कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं.

“जोडणार कौन?”

“मी,” वहिनी म्हणाली. “आन् ही.”

त्यांनी एका बरणीतून शेंगदाण्याएवढा एक रेझिस्टर काढून तिच्यासमोर धरला. त्याच्या अंगावर रंगाच्या बारीक पट्ट्या होत्या. “ये कितने का?”

“तपकिरी, काळा, नारिंगी. दहा हजार ओहम.”

दुसरा धरला. या वेळी वहिनीनं मला कोपरानं ढोसलं. पिवळा, जांभळा, लाल. मी मनातल्या मनात वहिनीनं शिकवलेले रंगांचे आकडे लावले आणि म्हणाले, “चार हजार सातशे.”

बशीरमियाँनी कानावरची पेन्सिल काढली, काउंटरवरचा पसारा हातानं बाजूला सारला आणि म्हणाले, “बैठो, बेटा. आता निवडा आरामात.”

त्या दोन तासांसारखे दोन तास मला पुढं क्वचित मिळाले. एकेक बरणी उघडायची. पांढऱ्या फडक्यावर ओतायची. वहिनी वस्तू बोटांनी निवडायची, डोळ्यांनी नाही. स्टेशन लावायचा गँग हातात घेऊन त्याचा दांडा हळूहळू फिरवायची आणि कानाशी धरायची. पाती एकमेकींना घासली की खरखर येते, तो बाजूला. तीन पायांचे इवलेसे ट्रान्झिस्टर, त्यांवरचे नंबर उजेडात धरून वाचायचे. तारेच्या गुंडाळ्यांच्या डोक्यावर रंगीत टोप्या होत्या, पिवळी, पांढरी, काळी, लाल. मी त्या ओळीनं मांडल्या आणि मोडल्या आणि पुन्हा मांडल्या. मला आणखी काहीच नको होतं.

मग अडलं. आमच्याकडे पैसे होते तेवढ्यात एकतर शॉर्टवेव्हची गुंडाळी आणि तिचं बटण बसत होतं, नाहीतर चांगला स्पीकर. दोन्ही नाही.

“साधी मिडियमवेव्ह ले लो,” बशीरमियाँ म्हणाले. “गाणी मस्त येतात.”

“गाणी सांजच्याला येतात,” वहिनी म्हणाली. “सामना उन्हात असते. दिवसा दूरचं स्टेशन मिडियमवेव्हवर येतच नाही. चावडीतल्यावर दुपारी नुसती खरखर असते, म्हणून तिथले लोक सांजच्या बातम्यांची वाट पाहतात. मले शॉर्टवेव्हच पाह्यजे.”

“मग कानात घालायचं यंत्र घ्या. सस्ता मिलेगा.”

मला ते एकदम पटलं. बाबांची अट आपोआप पाळली गेली असती. कानात घातलं की ओसरीवर काय, चुलीपर्यंतही आवाज गेला नसता. मी वहिनीला तसं कानात सांगितलंही. तिनं ते बटणाएवढं यंत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि खाली ठेवलं.

“आवाज हळू ठेवीन. पण कानात खुपसून ऐकणार नाही. मी काय चोरी करून राह्यली? आन् तू काय ऐकशील? माझं तोंड?”

बशीरमियाँनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. मग आतल्या खोलीत गेले आणि एका मेलेल्या मोठ्या रेडिओतला स्पीकर घेऊन आले. चुंबक दणकट होतं. पण कागदी कर्णा एका बाजूला दोन बोटं फाटलेला. वहिनीनं त्याच्या मध्यावर अंगठ्यानं अलगद दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आत काही घासत नव्हतं. तिचा चेहरा उजळला.

“हाच द्या. फाटकं शिवता येते.”

काल सायलीची वही अशीच अडली. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं तर मॉनिटर साधा घ्यावा लागतो, आणि चांगला मॉनिटर घ्यावा तर कार्ड जुन्या पिढीचं. तिनं दोन्हीकडे बाण काढले होते आणि पान पेन्सिलीनं काळं झालं होतं. “आजी, तू सांग,” म्हणाली. मी विचारलं, पडदा नंतर बदलता येतो का? येतो, म्हणाली. मग कशाची घाई आहे? तिनं मला मिठी मारली आणि बाणांपैकी एक खोडला. मोठ्या प्रश्नांची उत्तरं मला क्वचित येतात, पण कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, हे मी त्या एका हिवाळ्यात शिकून घेतलं आहे. पुढं कॉलेजात गेले, सायन्सची शिक्षिका झाले, मुलींना डोळे झाकून, नुसत्या बोटांनी ओळखून तारा जोडायला लावल्या. त्याची सुरुवातही तिथंच कुठंतरी आहे.

तेव्हा बीबीला आमच्या घरी वीज नव्हती. डाग द्यायची तांब्याच्या टोकाची सळई आम्ही शेगडीच्या निखाऱ्यात तापवायचो. आई एका बाजूला भाकरी थापत असायची, दुसऱ्या बाजूला आम्ही. सळई लाल व्हायच्या आधी काढायची, राळेत बुडवायची, चर्र आवाज यायचा, धुराची एक बारीक वेटोळी उठायची आणि कथलाचा थेंब चांदीच्या मण्यासारखा सांध्यावर बसायचा. भाकरीचा आणि राळेचा वास एकत्र झाला, की आई नाक मुरडायची आणि तरी शेगडीला वारा घालत राहायची. संक्रांत जवळ आली होती. वहिनीनं पतंगाचा गुलाबी कागद आणला, चिंचोक्याची खळ केली आणि स्पीकरची फाटकी बाजू दोन्हीकडून चिकटवली. वाळल्यावर तिनं त्यावर टिचकी मारली. टणत्कार आला नाही, पण फरफरही आली नाही. “जमलं,” म्हणाली.

ट्रान्झिस्टरला डाग देणं सर्वांत नाजूक. त्याच्या पायाला उष्णता जास्त लागली की तो आतल्या आत मरतो. म्हणून पाय चिमट्यानं धरायचा, म्हणजे ताप चिमट्यात जातो. चार ट्रान्झिस्टर वहिनीनं लावले. पाचवा मी मागून घेतला. चिमटा निसटला. मी घाबरून सळई उचलायच्या ऐवजी तशीच दाबून धरली. एक, दोन, तीन. मग उचलली. वहिनी तेव्हा आईला पाणी काढून द्यायला गेली होती. सांधा वरून सुंदर दिसत होता. मी काही बोलले नाही.

सामना दोन दिवसांवर होता. आम्ही सेल घातले, बटण फिरवलं. काही नाही. खरखरसुद्धा नाही. वहिनीनं एकेक सांधा तपासला, नकाशावर बोट फिरवत पुन्हा पहिल्यापासून. तिचं कपाळ घामानं ओलं झालं. मला ते पाहवेना.

“वहिनी, पाचवा मी जाळला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “केव्हा?”

“काल. तू पाण्याला गेली होतीस.”

“मंग कालच सांगाचं ना येडे!” ती ओरडली, आणि लगेच तिचा जीव भांड्यात पडल्यासारखी मागं रेलून बसली. “देवा! मले वाटलं, माझा नकाशाच चुकला.”

पण नवा ट्रान्झिस्टर चिखलीला. दादा शाळेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीला जाणारं घरातलं माणूस एकच होतं. बाबांना उन्हाळी काकडीचं बी आणायचं होतं. ओसरीवर ते चपला घालत होते, तेव्हा वहिनी डोक्यावर पदर घेऊन पुढं झाली आणि तिनं कागदाची पुडी धरली.

“मामाजी, असाच एक पाह्यजे. नंबर वर लिहेल हाये. दुसरा नाही चालणार.”

बाबांनी पुडी उघडून पाहिली. “हे काय हाये? मुंगळा?”

“मुंगळाच समजा. याच्याबिगर तो बोलत नाही.”

“नाही बोलला तं बरंच हाये की,” बाबा म्हणाले. पुडी मात्र त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

दिवसभर आम्ही दोघी काहीच करू शकलो नाही. दिवस मावळायला बाबा आले. आधी बियाण्याची पिशवी काढली. मग पाणी प्यायले. मग खिशातून पुडी. वहिनीनं उघडली तर आत दोन ट्रान्झिस्टर.

“दोन काऊन, मामाजी?”

“एक जळला तं? रोपं लावतानी आपण चार जास्तीच लावतो.” मग थोडं थांबून, काकडीच्या बियांकडे पाहत म्हणाले, “त्या मिस्त्रीनं पाच-सहा मांडले होते समोर. म्या पाय सरळ असलेले निवडले.”

सामन्याच्या दिवशी सकाळी बटण फिरवलं तेव्हा आधी एक लांब शिट्टी आली, मग दूरच्या जत्रेसारखा गलका, आणि त्यातून, एकदम जवळ, माणसाचा आवाज. गुलाबी कागद थरथरत होता. आई पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, “बाई, किती माणसं हायेत वं यात!” वहिनीनं नवी वही उघडली, रेघा मारल्या आणि पहिला चेंडू लिहिला.

दोन दिवस आवाज खोलीबाहेर गेला नाही. आम्ही तिघी रेडिओला कान लावून बसायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीसमोर माणसं जमली. चावडीतला रेडिओ खरखरत होता, आणि आमच्या घरी लागतंय ही बातमी गावात फुटली होती. आईनंच ती विहिरीवर फोडली होती, हे मागाहून कळलं.

बाबा आत आले. “बाहेर विचारून राह्यले. किती झाले?”

“तीन बाद एकशे बारा,” वहिनी म्हणाली.

बाबा बाहेर गेले. “एकशे बारा बाद, तीन झाले,” त्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ हशा. ते परत आले. पुन्हा विचारलं, पुन्हा गेले. या वेळी बाद होणारा खेळाडू चुकला. पुन्हा आले. “फॉलोऑन टळते का, असं विचारतात. ते काय असते?” पहिल्या डावात फार मागं पडलं की लगेच पुन्हा खेळायला लावतात, ते वहिनीनं सांगितलं. बाबा उंबरठ्यापर्यंत गेले, थांबले आणि मागं वळले. कपाळावर घाम होता.

“मले नाही सांगता येत. तूच सांग त्याहिले.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून त्या माणसांपुढं ती एक शब्द बोललेली नव्हती. आईनं मानेनंच ‘जा’ म्हटलं. वहिनी उठली, पदर सारखा केला, एका हातात रेडिओ आणि दुसऱ्या हातात वही घेऊन दारात आली. मी तिच्या मागं होते, आणि तिच्या पाठीवरचा पदर हलताना मला दिसत होता. समोर वीस-पंचवीस टोप्या आणि फेटे. तिनं रेडिओ उंबरठ्याशी ठेवला, वहीत पाहिलं, बोट ठेवलं आणि सांगायला लागली. फॉलोऑन टाळायला अजून किती हव्यात, कोण खेळतो आहे, त्याचा पाय कसा दुखतो आहे, नवा चेंडू घेतला तर काय होईल. रेडिओ काही बोलला की ती हात वर करायची आणि सगळी गल्ली गप्प व्हायची. मग ती पुढं सांगायची. आवाज आता घशातून नाही, पोटातून येत होता. मागच्या माणसांना ऐकू यावं म्हणून ती उंबरठा ओलांडून ओसरीच्या कडेपर्यंत आली होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाबा ओसरीवर उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खालच्या माणसांकडे. मग चपला न घालताच ते पायऱ्या उतरले, गल्लीत गेले, त्या माणसांच्या घोळक्यात मागं जागा करून उभे राहिले, आणि टाचा उंच करून म्हणाले,

“मंग? पुढं काय झालं?”